टॅरोला हो-नाही विचारायचं असेल तर: प्रश्न बांधण्यापासून बेरीज करण्यापर्यंत

टॅरोचा, म्हणजे भविष्य विचारायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांचा, संच हातात आला की पहिल्या आठवड्यात माणूस जे विचारतो ते बहुतेक हो-नाहीचंच असतं. नोकरी लागेल का, त्याचा फोन येईल का, हा फ्लॅट घ्यावा का. शिकवणारे बरेचजण सांगतात की असं विचारूच नका, टॅरो त्यासाठी नाही. मला ते पटत नाही. विचारता येतं, फक्त पान काढण्याआधी बरंच काम उरकावं लागतं, आणि लोक नेमकं तेच काम पान काढल्यानंतर करतात. पान मनासारखं आलं की 'हो', नाही आलं की "थांब, अजून एक काढून बघू". असं केलं तर पत्त्यांची गरजच काय?

पत्त्यांना पुढचं दिसतं याला पुरावा नाही. नीट पिसलेल्या गठ्ठ्यातून कुठलं पान वर येईल हा योगायोग असतो. तरी ही पद्धत कामाची आहे, कारण ती प्रश्न नेमका करायला लावते आणि एक चित्र समोर ठेवून त्यावर बोलायला भाग पाडते. ज्यांना यात वरचा संकेत दिसतो, त्यांनाही पुढचे नियम तेवढेच लागू. संकेत मागायचाच असेल तर तो वाकवून घेऊ नये.

कोकणात आणि गोव्यात देवळात कौल लावताना पाहिलं असेल तर ही शिस्त ओळखीची वाटेल. आधी गाऱ्हाणं घालून प्रश्न स्पष्ट शब्दांत मांडला जातो. देवाला लावलेली उजवीकडची कळी पडली तर काय समजायचं आणि डावीकडची पडली तर काय, हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं. कळी पडल्यावर कुणी नियम बदलत नाही. टॅरोवाल्यांनी एवढं जरी उचललं तरी निम्मं काम झालं.

संच कोणता घ्यावा

टॅरो हा मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान-फेरारा भागातल्या दरबारी मंडळींत खेळला जाणारा पत्त्यांचा खेळ. त्यात गूढ ज्ञान दडलंय ही कल्पना बरीच उशिरा, १७८१ साली फ्रान्समध्ये कूर द जेबलँ यांनी छापून मांडली, आणि त्यानंतर भविष्यासाठी पानं मांडणं रुळलं. आपल्या कामाचं वर्ष मात्र १९०९. त्या साली लंडनमध्ये गूढविद्येचे अभ्यासक आर्थर एडवर्ड वेट यांच्या मार्गदर्शनाखाली चित्रकार पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेला संच निघाला. तोच आज 'रायडर-वेट' म्हणून ओळखला जातो, आणि रायडर हे प्रकाशकाचं नाव. सगळं चितारणाऱ्या बाईंचं नाव अनेक वर्षं खोक्यावर नव्हतंच. आता काहीजण 'रायडर-वेट-स्मिथ' म्हणतात ते बरं करतात.

नवशिक्याने हाच संच किंवा याच धर्तीचा दुसरा घ्यावा. कारण साधं आहे. जुन्या मार्सेय पद्धतीच्या संचात सहा तलवारींचं पान म्हणजे नुसत्या सहा तलवारींची नक्षी असते. स्मिथबाईंच्या पानावर एक नावाडी पाठमोरा उभा आहे, होडीत डोक्यावरून पांघरलेली बाई आणि शेजारी लहान मूल, पुढच्या बाजूला तलवारी रोवलेल्या, नावेच्या एका अंगाला पाणी खवळलेलं आणि दुसऱ्या अंगाला शांत. हो की नाही ठरवायला या पानावर काहीतरी पाहायला मिळतं.

घेताना दोन गोष्टी बघा. पाठीवरची नक्षी वरून-खालून सारखी दिसते का? दिसत नसेल तर पान सुलटं (चित्राचं डोकं वर) आहे की उलटं (डोकं खाली) हे उचलण्याआधीच कळतं आणि हात आपोआप हवं तिथे जातो. दुसरं, पानं मोजा. ७८ हवीत: २२ मेजर अर्काना, म्हणजे स्वतःचं नाव असलेली मोठी पानं, आणि ५६ मायनर, म्हणजे कप्स (पेले), पेंटॅकल्स (नाणी), वाँड्स (काठ्या) आणि स्वॉर्ड्स (तलवारी) या चार रंगांची प्रत्येकी १४: एक्का ते दहा, आणि पेज, नाइट, क्वीन, किंग. खोक्यात बरेचदा प्रकाशकाची एक-दोन जादा पानं असतात, ती बाजूला काढा. पहिला संच कुणीतरी भेटच द्यावा लागतो, तो रेशमी कापडात ठेवावा लागतो, पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवून 'शुद्ध' करावा लागतो, हे सगळं हौसेचं आहे. हौस असेल तर जरूर करा.

प्रश्न बांधणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. प्रश्न वहीत लिहा, पूर्ण वाक्यात. मनात धरलेला प्रश्न पान पाहिल्यावर गुपचूप बदलतो. लिहिलेला बदलत नाही.

"माझं लग्न होईल का?" या प्रश्नाला मुदत नाही, त्यामुळे तो कधीच चुकीचा ठरत नाही आणि म्हणूनच निरुपयोगी आहे. "या स्थळाला दुसऱ्यांदा भेटावं का?" हा प्रश्न उद्या सकाळी वापरता येतो. "होईल का" च्या जागी "करावं का" आणा, म्हणजे प्रश्न तुमच्या हातातल्या गोष्टीबद्दल राहतो. जिथे "होईल का" टाळता येत नाही तिथे तारीख घाला: "३१ मार्चपर्यंत माझ्या बदलीची ऑर्डर निघेल का?"

"पुण्यातच राहू की बंगळूरची ऑफर घेऊ?" हा हो-नाहीचा प्रश्नच नाही. याचे दोन वेगळे प्रश्न करा आणि प्रत्येकासाठी स्वतंत्र पानं काढा. दोन्हींना 'हो' आलं किंवा दोन्हींना 'नाही' आलं तरी बिघडत नाही. दोन्हींना 'नाही' आल्यावर अनेकांना पहिल्यांदाच सुचतं की तिसरी वाटही आहे.

"आणि" असलेले प्रश्न तोडा. "फ्लॅट घ्यावा आणि त्यासाठी गावची जमीन विकावी का?" यात 'नाही' आलं तर ते फ्लॅटला की जमिनीला? नकारार्थी प्रश्नांचंही तसंच. "तिला आत्ता सांगू नये, ना?" याला 'नाही' आलं तर सांगायचं की गप्प बसायचं, यावर घरात वाद होतील. प्रश्न सरळ ठेवा: "तिला या आठवड्यात सांगावं का?"

आणि मग लिहिलेल्या प्रश्नाखाली दोन ओळी घाला: 'हो' आलं तर मी काय करीन, 'नाही' आलं तर काय करीन. दोन्ही ओळींत एकच गोष्ट लिहिली गेली तर संच उघडू नका. निर्णय झालेला आहे.

पिसणं

टॅरोची पानं रमीच्या पत्त्यांपेक्षा मोठी आणि जाड, हातात मावत नाहीत. मग होतं काय, चार-पाच वेळा वरवर पिसलं जातं आणि कालची पानं आज पुन्हा येतात. त्यावर "बघा, तेच पान पुन्हा आलं!" असा साक्षात्कार होतो. ५२ पत्त्यांचा गठ्ठा दोन भाग करून पाकळ्यांसारखा एकमेकांत घुसवत पिसला तरी नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावा लागतो, हे डेव्ह बायर आणि पर्सी डायकॉनिस या गणितज्ञांनी १९९२ साली दाखवून दिलं. हातात धरून थोडी थोडी पानं वरखाली करत पिसण्याला त्याहून कितीतरी जास्त लागतं.

सोपा उपाय: सतरंजीवर चादर पसरा, सगळी पानं पालथी पसरवा आणि दोन्ही तळव्यांनी मिनिटभर गोल गोल कालवा. पानांच्या कडा वाचतात, पानं खरोखर मिसळतात आणि सुलटी-उलटीही आपोआप होतात. हातात धरून पिसलं तर पान कधीच उलटं होत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. उलटी पानं वापरायची असतील आणि चादर पसरायला जागा नसेल, तर गठ्ठा काटा, अर्धा भाग फिरवून ठेवा, पुन्हा पिसा. असं तीन-चारदा करा. शेवटी डाव्या हाताने काटायचं की उजव्या, ते तुम्ही ठरवा. एकदा ठरवलं की रोज तेच.

एका पानाच्या पद्धती

सगळ्यात सोपी: एक पान काढा, सुलटं आलं तर हो, उलटं आलं तर नाही. यात चित्राचा काही संबंधच नाही. हे नाणं उडवण्यासारखंच आहे, आणि त्यासाठी ७८ चित्रं बाळगायची गरज नाही. उलटं 'सन' आलं तर नाही आणि सुलटं 'टेन ऑफ स्वॉर्ड्स' आलं तर हो, असं म्हणताना जीभ अडखळते. त्या पानावर एक माणूस पाठीत दहा तलवारी खुपसलेला पालथा पडलाय!

दुसरी पद्धत पानांच्या अर्थावर चालते, त्यासाठी आधी यादी हवी. माझी यादी खाली देते. तुमची वेगळी असू शकते, पण कागदावर हवी आणि प्रश्नाच्या आधी हवी.

मेजरमध्ये 'हो': द फूल, मॅजिशियन, एम्प्रेस, एम्परर, लव्हर्स, चॅरियट, स्ट्रेंग्थ, व्हील ऑफ फॉर्च्युन, स्टार, सन, जजमेंट, वर्ल्ड. 'नाही': डेथ, डेव्हिल, टॉवर, मून. उरलेली सहा अधांतरी: हाय प्रीस्टेस, हायरोफंट, हर्मिट, जस्टिस, हँग्ड मॅन, टेम्परन्स. (क्रमांकावरून यादी करत असाल तर सांभाळा. वेटने स्ट्रेंग्थला ८ आणि जस्टिसला ११ क्रमांक दिला. जुन्या मार्सेय संचांत ते बरोबर उलटे असतात.)

कप्समध्ये चार आणि सात अधांतरी, पाच आणि आठ 'नाही', बाकी सगळी 'हो'. पेंटॅकल्समध्ये दोन, चार, सात अधांतरी, फक्त पाच 'नाही'. बर्फात लंगडत चाललेले दोन भिकारी आणि त्यांच्या डोक्यावर चर्चची उजळलेली खिडकी, दुसरं काय म्हणणार? बाकी 'हो', त्यातला नाइट उशिरा का होईना पण 'हो'. वाँड्समध्ये दोन, सात, नऊ अधांतरी, पाच आणि दहा 'नाही', उरलेली 'हो'. यातलं चार वाँड्सचं पान मला फार आवडतं. चार काठ्या, वर फुलाफळांची माळ, पलीकडे हात उंचावून येणारी दोन माणसं. आपल्याकडचा मांडवच जणू. स्वॉर्ड्समध्ये मात्र एक्का आणि सहा एवढीच 'हो'. तीन, पाच, सात, आठ, नऊ, दहा 'नाही'. दोन, चार आणि चारही राजघराण्यातली पानं, म्हणजे पेज, नाइट, क्वीन, किंग, अधांतरी, कारण ती म्हणतात की आधी माहिती काढ.

डेथला 'नाही' म्हटल्यावर काहीजण नाराज होतात. "डेथ म्हणजे मृत्यू नव्हे, परिवर्तन" हे वाक्य आता पाठ झालंय. खरं आहे ते. पांढऱ्या घोड्यावरच्या सांगाड्यामागे, दोन बुरुजांच्या मधे, सूर्यही दिसतो. पण "हा व्यवहार याच रूपात पुढे न्यावा का?" असं विचारलं असेल, तर परिवर्तन म्हणजे याच रूपात नाही.

आता ही यादी मोजा. 'हो' ४३, 'नाही' १५, अधांतरी २०. म्हणजे एक पान काढलं की 'हो' येण्याची शक्यता जवळजवळ ५५ टक्के आणि 'नाही' ची जेमतेम १९. स्मिथबाईंचा संच मुळातच होकाराकडे झुकलेला आहे. रोज सकाळी एक पान काढून "आज पत्ते माझ्या बाजूने आहेत" म्हणणाऱ्यांचा दिवस इतका छान का जातो, याचं हे एक कारण.

हा कल काढून टाकायचा तर उलट्या पानाने अर्थ फिरवा: सुलटं 'हो' उलटं आलं की 'नाही', सुलटं 'नाही' उलटं आलं की 'हो', अधांतरी तसंच. मग दोन्ही बाजूंना सारखे ३७ टक्के मिळतात. एका पानावरच काम भागवायचं असेल तर हीच पद्धत घ्या.

एक्क्यांची पद्धत

ही जुनी आणि बघायला मजेदार. एकेक पान चित्र वर करून ठेवत गठ्ठा मांडायचा. एक्का आला की तो गठ्ठा थांबवायचा. १३ पानांपर्यंत नाही आला तरी थांबवायचा. असे तीन गठ्ठे. शेवटी वर दिसणारे एक्के मोजायचे: सुलटा एक्का 'हो' च्या बाजूला, उलटा 'नाही' च्या. पहिल्या गठ्ठ्यात एक्का सापडण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते, आणि तिन्ही गठ्ठ्यांत एकही एक्का न येणं सतरा वेळांतून एकदा घडतं. तसं झालं तर "आत्ता विचारू नका" असं समजण्याची रीत आहे. एक्का कुठल्या रंगाचा आला यावरून थोडा अर्थही मिळतो, कप्स म्हणजे नाती, पेंटॅकल्स म्हणजे पैसा, वगैरे. चार माणसं जमली असतील तेव्हा ही करा. एकट्याने गंभीर प्रश्नाला मी वापरणार नाही, कारण बाकीची पंचवीस-तीस चित्रं समोरून जातात आणि त्यातली हवी तेवढीच लक्षात राहतात.

तीन पानं आणि बेरीज

माझी पसंती हिला. उलटी पानं वापरायची नाहीत. उलटं आलं तर सुलटं करून ठेवायचं. तीन पानं डावीकडून उजवीकडे मांडा. 'हो' ला अधिक १, 'नाही' ला उणे १, अधांतरीला शून्य. बेरीज करा.

इथे घसरायला होतं. अधिक १ आलं की हात 'हो' लिहायला जातो. पण संच होकाराकडे झुकलेला असल्यामुळे कुठल्याही तीन पानांची सरासरी बेरीजच अधिक १ च्या जरा वर असते. म्हणजे अधिक १ ने नवीन काही सांगितलं नाही. म्हणून मर्यादा अशी ठेवा: अधिक २ किंवा ३ आलं तर 'हो'. शून्य किंवा त्याखाली 'नाही'. बरोबर अधिक १ आलं तर 'ठरत नाही'. असं केलं की शंभरातल्या साधारण ४० वेळा 'हो', ३१-३२ वेळा 'नाही' आणि २८-२९ वेळा 'ठरत नाही' येतं. हे मला रास्त वाटतं. आयुष्यातले प्रश्नही काही निम्मे-निम्मे सुटत नाहीत.

'ठरत नाही' आलं तर चौथं पान काढायला मन धावेल. काढू नका. लिहून ठेवा, बंद करा.

समजा, एक ताई घरून फराळ करून विकतात. त्यांनी वहीत लिहिलं: "यंदा दिवाळीला दोन ऑफिसांच्या मोठ्या ऑर्डरी घ्याव्यात का?" खाली लिहिलं: हो आलं तर सोमवारी दोघांनाही होकार कळवीन, नाही आलं तर नेहमीची गिऱ्हाइकं तेवढीच. पानं आली थ्री ऑफ पेंटॅकल्स, टेन ऑफ वाँड्स, टू ऑफ पेंटॅकल्स. अधिक १, उणे १, शून्य. बेरीज शून्य, उत्तर 'नाही'.

उत्तर लिहून झाल्यावरच चित्रांकडे वळायचं. पहिल्या पानावर गवंडी चर्चमध्ये काम करतोय, समोर दोघे नकाशा धरून उभे आहेत. काम उत्तम, गिऱ्हाईक कदर करणारं. ताईंच्या हाताच्या चवीबद्दल शंका नाही. मधल्या पानावरचा माणूस दहा काठ्यांची मोळी कवटाळून वाकलाय आणि तोंडच मोळीत खुपसलंय. गाव समोर आहे, पण त्याला ते दिसत नाही. तिसऱ्यात एक पोरगा दोन नाणी झेलतोय, मागे लाटांवर जहाजं वरखाली होताहेत. 'नाही' आलं ते मालाला नाही, एकटीने उचलण्याला. ताईंना हे आतून माहीत होतंच: चकल्या तळायला दुसरी कढई आहे, पण दुसरे हात नाहीत.

मग "मदतीला बाई ठेवली तर?" हा प्रश्न लगेच विचारायचा का? नाही. आधी बाई शोधायची, तिच्याशी पैशाचं बोलायचं, मग नव्या परिस्थितीत नवा प्रश्न लिहायचा. बहुतेक वेळा तोवर प्रश्नाची गरजच उरत नाही.

पुन्हा विचारणं, आणि न विचारणं

एक प्रश्न एकदाच. परिस्थितीत खरोखर काही बदललं, म्हणजे नवी ऑफर आली, समोरच्याने उत्तर दिलं, रक्कम बदलली, तरच पुन्हा. "काल मन स्थिर नव्हतं" हा बदल नव्हे. पैसे घेऊन पानं काढणारा कुणी "हे पान चांगलं नाही आलं, अजून थोडे भरा, पुन्हा काढू" किंवा "यावर एक विधी करावा लागेल" म्हणाला तर उठून या.

काही प्रश्न पत्त्यांपुढे आणूच नयेत. गाठ कॅन्सरची आहे का, हे बायॉप्सी सांगते. गोळी बंद करावी का, हे डॉक्टर. सहीआधी कागद तपासायचे ते वकिलाकडून. तिसऱ्या माणसाच्या मनातलं, "त्याचं बाहेर काही आहे का?" या थाटाचं, विचारू नका. त्याला 'हो' आलं तर तुम्ही काय कराल? एका पानाच्या जोरावर भांडाल, आणि समोरचा निर्दोष असेल तर त्याने स्वतःला सोडवायचं कसं? त्याऐवजी "या विषयावर त्याच्याशी या रविवारी बोलावं का?" असं विचारा. कुणी फार खचलेलं असेल, रात्री-अपरात्री पुन्हा पुन्हा पानं काढत असेल, तर संच बाजूला ठेवून त्याला माणसाशी बोलायला लावा; टेलिमानस या सरकारी मानसिक-आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं.

वही

तारीख, प्रश्न, दोन ओळी, पानं, बेरीज, उत्तर. उत्तर वाचल्यावर पहिल्या क्षणी काय वाटलं तेही एका शब्दात: 'हुश्श', 'छे', 'माहीत होतं'. नंतर प्रत्यक्षात काय घडलं ते त्याच पानावर. हा शेवटचा रकाना सगळे रिकामा सोडतात, आणि मग आठवणीत फक्त बरोबर आलेली उत्तरं उरतात. प्रश्नात तारीख असेल तर ती फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका.

सहा महिन्यांनी वही चाळली की आपल्या यादीतलं एखादं पान खटकायला लागेल. कुणाला सेव्हन ऑफ पेंटॅकल्स, कुदळीवर रेलून वेलीकडे बघत उभा असलेला तो शेतकरी, प्रत्येक वेळी 'हो' वाटतो, तर कुणाला नाइट ऑफ कप्स नुसता बोलघेवडा. यादी बदला, पण कुठलाही प्रश्न डोक्यात नसलेल्या दिवशी. दोन-तीन पानं इकडची तिकडे केली तर बेरजेची मर्यादा तीच चालेल. दहा-बारा केलीत तर 'हो' आणि 'नाही' पुन्हा मोजा, वजाबाकी करा, ७८ ने भागा, तिनाने गुणा. येईल ती तुमच्या संचाची सरासरी. 'ठरत नाही' ची रेघ तिच्याच आसपास ओढायची.